खोडलेलं नाव आणि सत्तावीस नंबर

अण्णा,

काल तुमचं नाव पुढे करून एका मुलीला संघाबाहेर काढायला निघाले होते, म्हणून हे लिहिते आहे. एरवी मी लिहिलं नसतं. तुम्ही होतात तेव्हा आपल्या घरात बोलायचं तुम्ही आणि ऐकायचं आम्ही, अशी रीत होती. तुम्ही जाऊन वीस वर्षांवर झाली. आता एकदा उलट होऊ द्या.

काल जिल्ह्याच्या शालेय मुलींच्या क्रिकेट संघाची निवड होती. सगळ्या शाळांमधून पंधरा मुली घ्यायच्या. निवड समितीत आम्ही चार खेळशिक्षक, त्यात बाई मी एकटी. माझ्या शाळेतली नववीतली एक मुलगी डावखुरी फिरकी टाकते. ती दादाची नात, म्हणजे तुमची पणती. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. घरी ती मला आत्याआजी म्हणते, मैदानावर मॅडम. मैदानावर चुकून आजी म्हणाली की एक फेरी जास्त पळते. तो नियम मी केला आहे आणि माफी कधी दिलेली नाही. समितीचे अध्यक्ष शहरातल्या मोठ्या शाळेचे आहेत आणि एकेकाळी तुमचे विद्यार्थी होते. अजून तुमचं नाव घेताना कानाला हात लावतात.

सकाळी मैदानाशेजारच्या खोलीत चहा आला आणि त्यांनी विषय काढला. "मॅडम, घरच्यासारखं म्हणून बोलतो. पोरगी तुमच्या घरची हाय. सरांनी तर खुद्द तुमचं नाव खोडलं होतं. जिल्हा अजून नाव घेतो त्यांचं. तुमीबी आधीच खोडून टाका की. लय शोभून दिसंल."

"तिनं अजून एक चेंडू टाकलेला नाही," मी म्हटलं.

"तेच तर म्हणायलोय. टाकायच्या आधी खोडलं तर तुमचा मान. टाकल्यावर खोडलं तर लोक म्हणतील, पोरीला येतच नव्हतं."

यात मुलीचं काय, हे त्यांच्या हिशेबात नव्हतंच. आणि ती मोकळी झालेली जागा त्यांच्याच शाळेला जाणार होती, हे सांगायला त्यांना चहा संपेपर्यंत धीर निघाला नाही. अण्णा, ती पद्धत अजून आहे. मुली मैदानात येण्याआधी, चहाच्या कपाबरोबर, पंधरा जागा शाळांमध्ये वाटून घ्यायच्या. मोठ्या शाळेला पाच, दुसरीला चार, अशा उतरत्या. मग दिवसभर चाचणी नावाचा देखावा. शहरातल्या मुली सकाळी नव्या चेंडूवर, नीट ताणलेल्या मॅटवर खेळतात. पाथरीची एसटी येईपर्यंत उन्हं वर आलेली असतात, मॅटचे खिळे उचकटलेले असतात, आणि त्या बसमधून उतरलेल्या मुलींना चार-चार चेंडू देऊन "बरं, बघितलं" म्हणतात. तुम्हाला ही पद्धत माहीत होती. तुम्ही ती मोडायला गेला होतात, हेही मी नाकारत नाही.

तो दिवस मला लख्ख दिसतो. मी पंधरा वर्षांची आहे, आणि आईनं घरून पाठवलेली चहाची किटली घेऊन त्याच खोलीच्या दारात उभी आहे. मुलींचा संघ पहिल्यांदाच होतो आहे. आत पाच शिक्षक बसलेत, वाटणी चालू आहे, कुणाची भाची, कुणाची पुतणी. तुम्ही उठता. तुमच्या हातात शाळांकडून आलेल्या नावांचा कागद आहे. तुम्ही शर्टाच्या खिशातलं पेन काढता आणि म्हणता, "पहिलं नाव माझ्या मुलीचं खोडतो. आता तुमची नावं वाचा." पेन कागदावर एकदा जातं, मग पुन्हा एकदा जातं. भाची गेली, पुतणी गेली, वाटणी मोडली. तुम्हाला दारातली मी दिसले होते. तुम्ही म्हणालात, "चहा ठेव आणि मैदानात जा. चेंडू अडवायला मुली कमी आहेत." दिवसभर मी दुसऱ्यांनी मारलेले चेंडू पळत जाऊन आणून देत होते. पोखर्णीकडची एक मुलगी त्या दिवशी संघात आली. ती उंच, सडपातळ होती, अनवाणी धावत यायची आणि मधली यष्टी उडवायची. ती आली याचा मला तेव्हाही आनंद झाला होता, आजही आहे. तुमच्या त्या एका रेघेशिवाय ती आली नसती. पण रेघ माझ्या नावावर होती.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. एरवी ती तुमच्यासमोर फार बोलत नसे. त्या दिवशी परातीतून हात न काढता म्हणाली, "पोरीचं नाव कामून खोडलं?"

"माझी मुलगी आहे म्हणून. सुरुवात आपल्यापासून करावी लागते."

"आपल्यापासून म्हंजी तुमच्यापासून. तुमी समितीतून उठायचं व्हतं. पोरीला कामून उठवलं?"

तुम्ही ताट पुढे ओढलंत आणि जेवलात. मी पुढे कॉलेजला गेले, पदवी घेतली, खेळाचं शिक्षण घेतलं, न्याय-अन्यायावर शाळेतल्या मुलांना पुष्कळ भाषणं दिली. आईच्या त्या दोन वाक्यांपेक्षा चोख वाक्य मला अजून सुचलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही चाचणीतला एक चेंडू माझ्यापुढे ठेवलात. शिवण सुटलेला, एका बाजूनं पांढरा पडलेला. "राग आहे ना? मग टाक," एवढंच म्हणालात. मी तो न्हाणीच्या पत्र्याच्या दारावर अंधार पडेपर्यंत टाकत राहिले. आई आतून ओरडत होती, "अगं, दार पाडशील!" तुम्ही ओसरीवर पेपर वाचत होतात, माझ्याकडे पाठ करून.

तुमचं कौतुक मी आयुष्यभर ऐकलं आहे. लग्नात, बदलीच्या गावी, तुम्ही गेलात त्या दिवशी दारात. "स्वतःच्या मुलीलासुद्धा घेतलं नाही!" लोक हे मला सांगतात, माझ्याच तोंडावर, आणि मी मान डोलवावी अशी अपेक्षा करतात. मी डोलवत आले. काल डोलवली नाही.

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "अण्णांनी चूक केली होती."

अध्यक्ष असे दचकले, जणू मी देवघरात चप्पल घालून गेले होते. "मॅडम! सरांबद्दल असं?"

"सरांबद्दलच. ओळखीची म्हणून घेणं जितकं चूक, तितकंच ओळखीची म्हणून काढणं. दोन्हींत चेंडू कुणी बघत नाही. मी माझ्या घरची मुलगी खोडणार नाही आणि तुमच्या पाच लिहिणार नाही. कागद मी करून आणला आहे, वाचा."

कागदावर फार काही नव्हतं. पाथरीची बस आल्याशिवाय चाचणी सुरू करायची नाही. मुलींनी चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत येईल तो नंबर पाठीवर टाचायचा आणि त्याच क्रमानं खेळायचं. नंबरांसाठी मी जुनी चादर फाडून तुकडे करून नेले होते. प्रत्येकीला सारखे चेंडू, दर दहा मुलींनंतर चेंडू बदलायचा आणि मॅट पुन्हा ताणायची. प्रत्येक चेंडूला गुण, तिथल्या तिथे. आणि आपल्या शाळेची मुलगी आली की त्या शिक्षकानं वही मिटायची आणि खुर्ची फिरवून पाठ करून बसायचं. गुण बाकीचे तिघे देतील.

"ह्यात सगळा दिवस जाईल," अध्यक्ष म्हणाले.

"दिवस त्याच्यासाठीच घेतला आहे."

"आन् कामून एवढं ताणायलात? पोरींचा तर संघ हाय." हे आमच्यातले सगळ्यात तरुण शिक्षक. मी हातोडी त्यांच्यापुढे सरकवली. ते उठले आणि मॅटचे खिळे ठोकायला गेले. त्यांची मोठी मदत झाली, हेही लिहून ठेवते.

तिला सत्तावीस नंबर आला. दुपार झाली होती. मी वही मिटली, खुर्ची फिरवली. समोर कुंपण, कुंपणापलीकडे रस्ता, रस्त्यावर ऊस भरलेला ट्रॅक्टर. मागून तिच्या पावलांचा आवाज, मग मॅटवर चेंडू पडल्याचा, मग बॅटचा. एकदा "वाइड". पुन्हा "वाइड". तेव्हा अण्णा, मला ओसरीवरची तुमची पाठ आठवली आणि पहिल्यांदा कळलं की पाठ करून बसणं सोपं नसतं. तेवढं मी तुम्हाला देते. पण माझ्या मागे तीन माणसं पेन घेऊन बसली होती. तुम्ही पाठ केलीत आणि बघायला मागे कुणालाच ठेवलं नव्हतंत. फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

संध्याकाळी सगळ्यांसमोर बेरजा झाल्या आणि मग नंबरांपुढे नावं आणि शाळा लिहिल्या. अध्यक्षांच्या शाळेच्या तीन आल्या, पाच नाही. पहिली आली ती पेडगावची यष्टिरक्षक, तिच्या शाळेकडे स्वतःचं किटसुद्धा नाही. सत्तावीस नंबर बारावी आली. यादीवर तिच्या नावापुढे मी माझ्या हातानं लिहिलं, "समिती सदस्याच्या भावाची नात. गुण देताना सदस्य सहभागी नव्हत्या." अध्यक्ष म्हणाले, "नातं कशाला लिहायलात? कुणी विचारलं तर बघू की."

"कुणी विचारायच्या आधी," मी म्हटलं. त्यांनी सही केली. पेन जरा जोरात दाबून केली, पण केली.

ती धावत आली. "मॅडम, बारावी म्हणजे घेतलं का?"

"पंधरात बारा येतात का?"

"येतात."

"मग विचारायलीस काय? दोन वाइड कुठून गेले ते बघ आधी."

मी तिला तिच्या गुणांचा कागद दिला. ती तिथेच मातीत बसली आणि एकेक चेंडू बोटानं मोजू लागली. हा पडला, हा वळला, हा हातातून सुटला. मी उभी राहून बघत होते. मला असा कागद कधी मिळाला नाही. मी चांगली होते का, हे मला माहीत नाही अण्णा. कदाचित मी सोळावी आले असते. कदाचित विसावी. मग मी रडले असते, चार दिवसांनी विसरले असते, आणि हे पत्र झालं नसतं. तुम्ही माझी जागा काढून घेतलीत याचा राग केव्हाच विझला. ती माझी होती की नव्हती, हे कळू दिलं नाहीत, त्याचा मात्र आहे तसाच आहे आणि तो मी मिटवणार नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. सत्तावीस नंबरच्या शेवटच्या चेंडूवर यष्टी पडल्याचा आवाज आला आणि मी वळून पाहिलं. गुण लिहून झाले होते, कुणाच्या लक्षातही आलं नाही. तरी नियम माझा होता आणि तो मी मोडला. त्या संध्याकाळी न्हाणीच्या दाराकडे तुम्ही एकदा तरी वळून पाहिलं होतंत का, एवढंच मला विचारायचं होतं.

आज सकाळी जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात दिलं: पंधरा नावांची यादी, चौघांच्या सह्यांसह, नात्याच्या नोंदीसह, सर्व मुलींच्या गुणांचे कागद. निवड न झालेल्या मुलींच्या शाळांना दिल्या: त्यांच्या त्यांच्या कागदांच्या प्रती. सत्तावीस नंबरला दिलं: तिची प्रत, पाठीवरचं चादरीचं फडकं, सरावाला एक नवा चेंडू. तुम्ही दिलेला, शिवण सुटलेला जुना चेंडू तिनं मागितला होता. तो दिलेला नाही.