चिमणाबाईंची वेदना

९ डिसेंबर

चिमणाबाई आज मंगळवार पेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पहिल्यांदा आल्या. वारणानगरहून सून मोना घेऊन आली. मुलगा पावसाळ्यात अपघातात गेला. पुढच्याच महिन्यात नातू झाला. त्याला त्यांनी अजून मांडीवर घेतलेलं नाही. रडल्याही नाहीत. "कायच वाटत न्हाय मला," एवढंच म्हणाल्या — जणू दुसऱ्या कुणाविषयी. बाहेर मोना हळूच बोलली — असंच राहिलं तर संक्रांतीनंतर बाळाला घेऊन माहेरी जाणार, कायमची.

डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. बोलणं पुढे सरकेना. शेवटी विपश्यनेच्या शिबिरात शिकले ते काढलं. डोळे मिटा, श्वास बघा, अंगात कुठे वेदना जाणवते ते नुसतं बघा. त्यांनी विचारलं, आम्ही वाडीच्या दत्ताची माणसं, बुद्धाचं चालंल का? मग स्वतःच — "श्वास घ्यायला दत्त कुठं नको म्हणतोय!"

१६ डिसेंबर

रोज बसतात. काही सापडत नाही म्हणे. "गुडघा सुदिक दुखंना झालाय, म्याडम. वेदना म्हणून न्हाय अंगात." माफी मागितल्यासारखं सांगत होत्या.

१७ डिसेंबर

दात घासताना लक्षात आलं. हात्तिच्या! शिबिरातली वेदना पाली भाषेतली — ऊब, गारवा, खाज, बरं वाटणं, सगळंच त्यात आलं. आपल्या मराठीत ती फक्त दुखणं. बाई आठवडाभर दुखणं शोधत बसली!

२३ डिसेंबर

समजावून सांगितलं. त्यांनी खात्री करून घेतली — पाठीला ऊन लागतंय, ती वेदना? हो. चहाची वाफ नाकाला? तीही. मग डोळे मिटले. खाली रिक्षावाले भांडत होते. आधी कपाळ सैल झालं, मग जबडा, मग मुठी. मी काहीच करत नव्हते. नुसती बघत होते.

"लई हाय की वो आत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं हुतं, समदं त्याच्याबरुबर गेलं."

इतकी वर्षं हे काम करते. त्या गेल्यावर पुढच्या माणसाला आत बोलवायचंही सुचलं नाही.

२७ डिसेंबर

मोनाचा फोन. घाबरलेली. सासूबाई सकाळपासून रडताहेत, थांबतच नाहीत, घेऊन येऊ का? मागून आवाज येत होता — "दुखतंय गं मोना. लई दुखतंय."

बाळ कुठे आहे, मी विचारलं.

त्यांच्याच मांडीवर, म्हणाली. द्यायला तयार नाहीत.