गोमती निवासचा शेवटचा एचडीआर

१ फेब्रुवारी, शनिवार
आजपासून रोजनिशी. मोठे फोटोग्राफर नोंदी ठेवतात, मग मी का नाही? कालिंदी म्हणते, आधी माळ्यावरच्या भांड्यांच्या नोंदी ठेवा, अठ्ठावीस तारखेला खोली रिकामी करायची आहे. बायकोला टोनल रेंज समजावणं कठीण.

खरं तर मुद्दा साधा आहे. रात्री दिव्याकडे बघून फोटो काढला की बाकी सगळं काळं. काळोखाकडे बघून काढला की दिव्याच्या जागी नुसता पांढरा डाग. एचडीआरमध्ये एकाच जागेचे कमी-जास्त उजेडाचे बरेच फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकत्र करायचे. दिवाही दिसतो आणि दिव्यामागची भिंतही. हे शिकायला मी अकरा व्हिडिओ बघितले. बाराव्यात झोप लागली.

३ फेब्रुवारी, सोमवार
समितीची मीटिंग. आमची गोमती निवास, भोईवाडा. तीन मजले, छत्तीस खोल्या, वय पंच्याण्णव. पुढच्या महिन्यात पाडणार. त्याआधी एक फोटो हवा, सगळ्या खोल्यांचे दिवे लावून आणि सगळी माणसं आपापल्या दारात उभी.

तळमजल्यावरचा दीपक लग्नाच्या हॉलना लायटिंग पुरवतो. तो म्हणाला, भाऊ, टेन्शन नको, दोन हॅलोजन मारतो आणि मोबाइलवर घेतो, दोन मिनिटांत काम खतम. हॅलोजन! मोबाइल! मी उभा राहिलो आणि वीस मिनिटं बोललो. शेवटी सेक्रेटरी नाना म्हणाले, बरं बाबा, तूच काढ. एकमताने ठराव. नूपुरच्या मते लोकांना जेवायला जायचं होतं. आपल्याच मुलीला बापाचं कौतुक नसावं, याचं वाईट वाटतं.

जिन्यात रमाकाकीने हात धरला. आमच्या शेजारची खोली तिची. लग्न होऊन मालवणहून थेट या दारात आली, नवरा गिरणीत होता. या दारातला तिचा एकही फोटो नाही. म्हणाली, शरद, माका माझ्या दारात दिसाक होया, बाकी काय नको. मी शब्द दिला. साडीची घडीसुद्धा दिसेल म्हटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार
समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून ट्रायल. ट्रायपॉडचा एक पाय सारखा आत जातो. कालिंदीच्या परकराच्या नाडीने बांधला. रिझल्ट थक्क करणारा! आकाश जांभळं, कठडे सोन्याचे, पाण्याची टाकी तर देवळासारखी. नूपुर म्हणाली, बाबा, चाळीला कावीळ झालीये.

संकल्प: सोमवारपासून रंगांचं सॅच्युरेशन कमी.

१२ फेब्रुवारी, बुधवार
फळ्यावर सूचना लावली. रविवारी संध्याकाळी सात वाजता प्रत्येकाने दारात उभं राहावं. एकामागून एक सात फोटो निघतील, एकूण पाऊण मिनिट. हलू नये. मोबाइल बंद करून घरात ठेवावेत, स्क्रीनच्या उजेडाने एक्स्पोजर बिघडतं. दुसऱ्या कोणीही फोटो काढू नये.

दीपकने वाचून विचारलं, भाऊ, श्वास घ्यायचा ना? वरून थट्टा, आतून जळतो.

१६ फेब्रुवारी, रविवार, रात्री ९
काढला! सगळे आले. आधीच खोली सोडून कल्याणला गेलेलेसुद्धा मुद्दाम आले. रमाकाकी हिरव्या नऊवारीत, नथ घालून. आकाशाचा निळा असा की मला भरून आलं.

मी गच्चीवरून ओरडलो, हलू नका, आणि बटण दाबलं. आता या चाळीची एक सवय आहे. पाणी आलं, सिलिंडर आला, मतदानाच्या चिठ्ठ्या आल्या, खालचा निरोप वरच्यांना सांगायचाच. पहिल्या मजल्याने वर बघून, हात हलवून दुसऱ्याला सांगितलं की हलू नका म्हणतोय. दुसऱ्याने कठड्यावरून वाकून तिसऱ्याला. तिसऱ्यावरच्या धोंडूला नीट ऐकू गेलं नाही, तो जिन्यापर्यंत विचारायला आला. मग वरून उलट निरोप खाली आला की आम्ही कोणी हलत नाही आहोत. तोवर चौथा फोटो संपला होता. पाचव्याला कुठेतरी कुकरची शिट्टी झाली आणि नऊ बायका आत गेल्या. प्रत्येकीला वाटलं आपलाच.

तरी काही हरकत नाही. यावर सॉफ्टवेअरमध्ये उपाय आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार, पहाटे २
सातही फोटो एकत्र केले. हललेली माणसं धुरासारखी येतात, सॉफ्टवेअर त्यांना घोस्ट म्हणतं. धोंडूला तीन डोकी. नाना कमरेपर्यंतच. दीपक आरपार, मागचा मीटरबॉक्स दिसतो. मी घोस्ट रिमूव्हल हाय केलं, उरलेली एकेक करून हाताने पुसली. त्रेसष्ट भुतं.

दुसऱ्या मजल्यावर एकच आकृती अगदी स्पष्ट राहिली होती. रमाकाकी. पाऊण मिनिट तसूभर हलली नव्हती. पण अख्ख्या रिकाम्या गॅलरीत एकटं हिरवं लुगडं म्हणजे नजर सारखी तिकडेच जाते, कॉम्पोझिशन बिघडतं. कलेत निर्दय व्हावं लागतं. काढली.

काय फोटो झालाय! छत्तीस दारांतून उजेड, रेलिंगची नक्षी, एकही अडथळा नाही. मूळ फाइल्स उडवल्या, कार्डही फॉरमॅट केलं. प्रोफेशनल माणूस कार्ड रिकामं ठेवतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार
चाळीच्या ग्रुपवर टाकला. दोन तास शांतता. लोक स्तब्ध झाले असावेत. मग नानांचा मेसेज: छान. माणसं कधी टाकणार? दीपक: भाऊ, आपण सगळे कुठे गेलो? मी सविस्तर उत्तर दिलं की हे चाळीच्या आत्म्याचं चित्र आहे.

कालिंदीने विचारलं, दुसरे फोटो आहेत ना, ज्यात लोक दिसतात? मी म्हटलं, फॉरमॅट. तिला शब्द कळला नाही, पण चेहऱ्यावरून कळलं असावं. म्हणाली, काकीला तुम्हीच सांगा, मी तोंड दाखवणार नाही. संध्याकाळपासून अबोला. पॅकिंगच्या ताणाने चिडचिड होते माणसाची.

चाळीच्या जागी नवी इमारत बांधणाऱ्या बिल्डरच्या ऑफिसला फोटो मेल केला. कदर करणारे लोक बाहेरच भेटतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार
प्रत्येक खोलीला फ्रेम भेट. सगळ्यांनी घेतली. नानांनी वर्तमानपत्रात गुंडाळून थेट टेम्पोत ठेवली, म्हणजे जपून नेणार.

रमाकाकीने फ्रेम डोळ्यांजवळ धरली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, शरद, मी खंय आसंय रे ह्यात? मी म्हटलं, काकी, शेवटी उजेडच उरतो. तिने पदराने काच पुसली आणि पुन्हा बघितलं.

वयामुळे नजर कमी झाली आहे तिची. मोठी प्रिंट द्यायला हवी होती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
खोली सोडली. काकी नातीबरोबर, अक्षदाबरोबर, अँटॉप हिलला गेली. आम्ही रे रोडला भाड्याने. खिडकीतून लाकडाच्या वखारी दिसतात. रात्री चांगला विषय आहे. ट्रायपॉड सापडत नाही.

१५ मार्च, शनिवार
आज आयुष्यातला मोठा दिवस. करारावर सही करायला बिल्डरच्या सेल्स ऑफिसात गेलो तर समोर, भिंतभर, माझा फोटो! दहा फूट. खाली नाव नव्हतं, पण कामच बोलतं. तिथल्या मनाली नावाच्या मुलीला सांगितलं, हा माझा.

ती खूश झाली. म्हणाली, सर, एकदम बेस्ट होता. बाकीच्या चाळींचे फोटो येतात ना, त्यात सगळीकडे पब्लिक असतं, वाळत घातलेले कपडे, म्हाताऱ्या वगैरे. कस्टमरला ते बरं नाही वाटत. आमच्या डिझायनरचे दोन दोन दिवस जातात ते सगळं काढण्यात. तुम्ही आधीच सगळ्यांना काढून दिलंत. थँक यू सो मच.

मी वेलकम म्हणालो. सही केली. पेन तिथेच राहिलं.

घरी काही सांगितलं नाही. डोकं दुखतंय. ऑफिसात एसी फार होता.

१६ मार्च, रविवार
मुद्दाम सांगण्यासारखं काही नाही. झोप नाही.

२३ मार्च, रविवार
अँटॉप हिल. सहज गेलो, असं रस्ताभर स्वतःला सांगत गेलो. अक्षदाने दार उघडलं. काकी कॉटवर बसली होती. समोरच माझी फ्रेम.

जवळ गेलो. दुसऱ्या मजल्यावर, चौथ्या दारात, रमाकाकी. पासपोर्ट साइझचा, पेन्शनच्या कागदासाठी काढलेला फोटो कात्रीने कापून, भाताच्या शिताने काचेवर चिकटवलेला. दारापेक्षा डोकं मोठं. शेजारी नाना, बँकेच्या फॉर्मवरचे. तिसऱ्या मजल्यावर धोंडू, निवडणूक कार्डाच्या झेरॉक्समधला, काळाकुट्ट. दीपक लग्नपत्रिकेतला, अर्धा फेटा कापलेला. भेटायला येईल त्याच्याकडून काकी फोटो मागून घेते, असं अक्षदा म्हणाली. एकतीस दारं भरली होती. प्रमाण चुकलेलं, उजेड चुकलेला, एकाचंही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. आणि माणसं होती.

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. काकी, तू हलली नव्हतीस, तू फोटोत होतीस, मीच तुला काढलं, असं सांगितलं. एकदाचं सांगून टाकलं. ती म्हणाली, माका ठावक आसा, मी कशी हलतलंय? आणि हात पुढे केला. तुझो दी.

पाकिटात लायसन्सच्या वेळचा एक होता. फ्लॅशमध्ये काढलेला, कान लाल आलेत. काकीने ताटातलं शीत घेतलं आणि मला आमच्या दारात चिकटवलं. तिरका बसला. म्हणाली, बरो दिसतंस, आता कालिंदीचो घेवन ये.