चांगलं चांगलं ठेवलेलं गाजरगवत

माय,

बिडकीनच्या आपल्या शेतावर काल जाऊन आले. शेत म्हणायचं ते सवयीनं. जमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यापासून तिथं पेरणी नाही आणि कारखानाही अजून उभा नाही. तारेचं कुंपण, नंबर टाकलेला दगड आणि कंबरभर गाजरगवत. तुला ते असं माजलेलं बघवलं नसतं. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की शहराचं नावसुद्धा बदललं, गवत मात्र आहे तिथंच आहे. या गवताला खाणारे भुंगे वाढवण्यात आणि गावोगाव सोडण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि आता मी निवृत्त होते आहे. ऑफिसात विचारतात, मॅडम, कसं वाटतंय? मी म्हणते, छान वाटतंय. खरं म्हणजे काहीच वाटत नाही, आणि त्याचंही फारसं काही वाटत नाही.

निंदून आलीस की तुझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची, मग हात सुजायचे, मग भेगा. डॉक्टर सांगायचे, या गवताला हात लावू नका. तू "व्हय, व्हय" म्हणायचीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधावर. गरम पाण्यात पीठ मळताना त्या भेगा इतक्या झोंबायच्या की भाकरी करायचं काम शाळेत असतानाच माझ्याकडे आलं. तू चुलीपाशी बसली आहेस, दोन्ही तळहात उताणे मांडीवर ठेवलेत, आणि नुसती बघते आहेस. "काठ फाटायलाय, पाणी लाव. घाई कशाची गं तुला?" माझं पुढचं सगळं शिक्षण त्या तळहातांमुळे झालं, असं मी भाषणात सांगते. लोक टाळ्या वाजवतात.

मी संशोधन केंद्रात हंगामी नोकरीला लागले तेव्हा तू गावभर सांगितलंस की पोरगी किडे मारायचं शिकली. मी किडे पाळते म्हटल्यावर कपाळाला हात लावलास. मग मी एक भुंगा आणून तुझ्या तळहातावर ठेवला. तुरीच्या दाण्याएवढा, पांढरट पाठीवर काळ्या वाकड्या रेषा. हा फक्त गाजरगवत खातो, म्हटलं. "अन् कपाशीवर बसला तर?" उपाशी मरेल, पण कपाशी खाणार नाही. "लई नखरे दिसतात याचे," तू म्हणालीस. पण त्याच आठवड्यात बाबांच्या जुन्या पँटीचं कापड कापून मला हातमोजे शिवून दिलेस. तू का घालत नाहीस, विचारलं. "मोज्यात गवत हाताला कळत नाय, बाई. मूळ तसंच राहतं."

आपल्या बांधावर भुंगे सोडले आणि तुला बजावलं, इथलं गवत उपटायचं नाही. शेजारणी हसत होत्या, तरी तू पावसाळाभर हात आवरलास. भुंग्यांनी पानांची चाळण केली, कितीतरी झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या. ते बघायला साहेब लोक येणार होते, आणि माझी नोकरी पुढं चालू राहायची की नाही ते त्या भेटीवर ठरणार होतं. मी त्यांना घेऊन आले तर बांध झाडून काढल्यासारखा, आणि मधे मधे हिरवंगार, फुलांनी भरलेलं गाजरगवत डुलतंय. तू पदर सावरत पुढं आलीस. "खराब खराब तेवढं उपटून टाकलं, साहेब. चांगलं चांगलं ठेवलंय हिच्यासाठी." पाहुणे येणार म्हणून तू भुंग्यांनी खाल्लेलं एकेक झाड निवडून काढलं होतंस, आणि ज्याला त्यांनी तोंडही लावलं नव्हतं ते माझ्यासाठी राखलं होतंस. साहेब हसले. चहा घेऊन गेले. नोकरी गेली.

तुझे हात त्या वेळी मनगटापर्यंत सुजले. मी भाकरी थापत होते आणि तू चुलीपाशी बसली होतीस. मग म्हणालीस, "आता तुझ्या कामाला खराब तेच चांगलं, हे मला कसं कळावं?" मला हसू आलं, तुलाही आलं, आणि हसता हसता तू रडलीस. पुढच्या पावसात भुंगे मातीतून आपोआप वर आले. तू एका काडीला हात लावला नाहीस, आणि माझ्याच मागं लागलीस की साहेबाला बोलाव, या वेळी लई खराब झालंय. मी बोलावलं. त्या काड्यांवर मला नोकरी परत मिळाली.

तुझा दमा वाढला तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात भुंगे सोडत होते. आले तोवर तुला अंगणात ठेवलं होतं. मी तुझे हात बघितले. सूज नव्हती. बाया म्हणाल्या, रडू दे तिला, मोकळी होऊ दे. मी रडले नाही. पुढं कधी तरी येईल रडू, म्हणून ठेवून दिलं, आणि ते तिथंच राहिलं.

काल त्या पडीक जमिनीवर भुंगे होते. कुणी सोडलेले नव्हते. आपल्याच भुंग्यांची पिलावळ असेल. वॉचमन म्हणाला, "मॅडम, कीडे लग गये पूरे. दवा मारू क्या?" राहू द्या, म्हटलं. मग हातमोजे काढले. ज्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या असं एक झाड उघड्या हातांनी मुळासकट उपटलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. मूळ सुटताना हाताला कळतं, हे तुझं खरं होतं.

बजाजनगरच्या माझ्या घरी येऊन हात धुतले नाहीत. संध्याकाळी मुद्दाम भाकरीला बसले, एरवी मी विकतची आणते. गरम पाण्यात पीठ मळलं. काही झोंबलं नाही. आज सकाळी उठल्याबरोबर बोटांच्या बेचक्या बघितल्या. हात अगदी चांगले आहेत, माय. मला ते सुजलेले हवे होते.