कोण, कुणाची, कुठली

१४ ऑक्टोबर १९९५, ॲन आर्बर
प्रस्ताव परत आला. प्रो. हॅलोवे माझे गाईड, अँग्लो-सॅक्सन काव्यात मुरलेला माणूस. समासात पेन्सिलीने एकच शब्द : "शिष्टाचार?"

माझं म्हणणं साधं आहे. या हजार वर्षं जुन्या इंग्रजी महाकाव्यांत (यापुढे म.का., हात दुखतो) परका माणूस किनाऱ्यावर उतरला की भालेवाला पहारेकरी आधी विचारतो, कोण तुम्ही, कुणाचे, कुठले. उत्तर पटलं तरच राजाच्या हॉलची वाट दाखवतो. या प्रश्नावर मला थीसिस लिहायचाय. सर म्हणतात, हा नुसता शिष्टाचार, पाहुण्याला आपलं कुळ मिरवायची ती संधी असते. मिरवण्यासारखं कुळ असलं तर.

फेब्रुवारीत प्रस्ताव कमिटीपुढे. त्यांनी नाही म्हटलं तर सरांनी सुचवलेला विषय घ्यायचा, म.का.तली जहाजांची वर्णनं. मी आजवर जहाजात पाय ठेवलेला नाही. विषय बदलणार नाही.

२२ ऑक्टो.
रूममेट विद्या (मुंबईची, इंजिनिअरिंग) तिच्या ओळखीच्या काकूंकडे ट्रॉयला (इथून तासाभरावरचं गाव) घेऊन गेली. दिवाळीचा फराळ. काकूंनी प्रेमाने वाढलं, चकल्या तर घरच्या भाजणीच्या.
"नागपूरची का? छान. आडनाव काय गं?"
"रामटेके."
"अच्छा."
चकल्यांचा डबा पुढच्या मुलीकडे गेला. वाईट नाहीत काकू. निघताना दोघींना मिळून फराळाची पिशवी दिली, विद्याच्या हातात.

गाडीत विद्या : "यार, तू सगळंच मनाला लावून घेतेस. ओळख करून घेत होत्या त्या, जस्ट पोलाइट."
हिला आणि सरांना एकाच कमिटीवर बसवायला हवं.

राग आला होता. अजून आहे. त्यावर चार पानं लिहिली, बरी झालीत.

५ नोव्हें.
नागपूरला फोन. बाबांची उभी हयात दिवसा गिरणीत आणि रात्री जलशात गेली. आवाज आता बसलाय, डफ सुटलेला नाही. त्यांना म.का.तल्या ओळी वाचून दाखवल्या, अर्थ न सांगता. एका ओळीचे दोन तुकडे, मधे श्वास, चार ठोके, आणि दोन्ही तुकडे शब्दांच्या सुरुवातीच्या एकाच आवाजाने बांधलेले. पलीकडे टेबलावर बोटं वाजायला लागली. चौथ्या ओळीला बाबा बरोबर ठोक्यावर.

"तोंडपाठ व्हावं म्हणून अशी बांधली," म्हणाले. "लिहिता येत नसंल त्यांना."
"गाणाऱ्यांना नव्हतं येत, बाबा."
"मंग आपल्यासारखेच झाले."
हॉलचं वर्णन सांगितलं. बाकं, मधोमध आग, राजा अंगठ्या वाटतोय, कवी गातोय.
"हॉल कोनं बांधला?"
"राजाने."
"राजानं लाकडं उचलली का?"
लिहून ठेवलं. दुसरा चॅप्टर मिळाला.

१९ नोव्हें.
सरांसमोर दीड तास. मी : दारावर जो उत्तर देतो तो बापाचं नाव आधी सांगतो, नाहीतर धन्याचं. ज्याला सांगण्यासारखा बाप नाही की धनी नाही, तो म.का.त तोंडच उघडत नाही. त्या लोकांच्या कायद्यात माणूस मारला तर भरपाई दर्जाप्रमाणे ठरे, आणि गुलाम मेला तर भरपाई मालकाला. असल्या समाजात 'तू कुणाचा' हा गप्पांचा प्रश्न असेल का?

सर चष्मा पुसत राहिले. "सुजाता, तू तुझा राग हजार वर्षं मागे नेतेयस."
"राग माझाय, सर. कायदा त्यांचा."
चष्मा परत चढवला. मग म्हणाले, पुरावे वाढव. वाढवते.

१६ डिसें.
आज सरांच्या घरी हॉल नाईट. दर हिवाळ्यात असते म्हणे. लांब बाकं, शेकोटी, मधाची दारू, प्रत्येकाने काहीतरी म्हणून दाखवायचं. यंदा सरांनीच मला पहारेकरी नेमलं. "तू तरी मनापासून विचारशील," असा टोमणा. भाल्याऐवजी बर्फ उपसायचं फावडं. नियम : प्रत्येकाने तीन पिढ्या सांगायच्या, मगच आत.

पोर्चवर उभी. पाय बधिर. लोक मजेत सांगत होते, कुणी आजोबांना व्हायकिंग केलं, कुणी दर्यावर्दी. शेवटी सर आले, शेजाऱ्याकडून जादा खुर्च्या घेऊन. मागे चारपाच जण.

"कोण तुम्ही, कुणाचे?"
"एडवर्ड, रॉबर्टचा मुलगा."
"रॉबर्ट कुणाचा?"

सरांचं हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर. मग उतरलं. मागचे लोक हसत होते, तेही थांबले.
"ठाऊक नाही," सर म्हणाले. "आजोबांनी इथे आल्यावर सगळंच नाव बदललं, हॅलोवेही तेव्हाचं. आधीचं काय होतं, आमच्या घरात विचारायचं नसे."

फावडं माझ्या हातात आडवं. खोटं कशाला लिहू, क्षणभर मजा आली. मी ठरवणार होते आत कोण जाईल ते. काकूंच्या 'अच्छा'त काय असतं ते आतून कळलं. मग स्वतःचीच शिसारी आली. फावडं उचललं.
"आत या, सर. थंडी आहे."

पहारेकऱ्याला किती बरं वाटतं, हे अजून कुठल्या टीकाकाराने लिहिलेलं वाचलं नाही. मी लिहिणार.

११ जाने. १९९६
सुटीनंतर सरांनी आज बोलावलं. खिडकीकडे बघत : "शिष्टाचार हा शब्द मी मागे घेतो. पण पोर्चवरचं थीसिसमध्ये नको."
"नाही घालणार. तुमचंय ते."
"आणि प्रस्तावनेत तू स्वतःचं आडनाव, वडील, जलसा... कमिटीतल्या बाकी दोघांना रुचणार नाही. संशोधन वैयक्तिक करतेस म्हणतील. मी तुला वाचवू शकेन असं नाही."
"माझंय ते. राहील."
मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

२८ जाने.
बर्फ. बस नाही, चालत लायब्ररी. तिसऱ्यांदा प्रस्तावना लिहिली. मी टाईप केलेलं विद्याने तपासून दिलं. चूक एकही काढली नाही, पानं नीट लावून ठेवली. मग म्हणाली, "त्या दिवशी काकूंची ती पिशवी मी तुझ्या हातात द्यायला हवी होती." चहा केला दोघींना.

९ फेब्रु.
हे कॉरिडॉरमध्ये लिहितेय, बाकावर. दार बंद, आत तिघं ठरवतायत.

पुरावे टिकले. कायदा टिकला. हॉल बांधणाऱ्यांवर चांगली खडाजंगी झाली, मी मागे हटले नाही. शेवटी इतिहासाच्या बाईंनी फाईल मिटली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमच्यासारख्या पार्श्वभूमीची व्यक्ती या काव्याकडे कशी वळली? म्हणजे, तुमचे लोक कोण?"

सरांनी झटकन वर पाहिलं. त्यांना ऐकू आलं, काय विचारलं गेलं ते.

मी उभी राहिले. तसं कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "मी सुजाता. जलसाकार किसन रामटेके यांची मुलगी. त्यांचे वडील झिबल, दुसऱ्यांच्या शेतात राबले. झिबलच्या बापाचं नाव कुणी जपलं नाही, गावाने त्याला जातीच्या नावानेच हाक मारली. तीन पिढ्या झाल्या."

बाई लाल झाल्या. मग सर म्हणाले, "आमच्याही घरी पुढचं नाव नाही." एवढंच, बाकी काही नाही. मग मला बाहेर थांबायला सांगितलं.

बराच वेळ झाला. विद्याने दिलेला थर्मास संपला. बोटं बाकावर वाजतायत, चार ठोके, मधे श्वास. नाही म्हणाले तर दुसरी युनिव्हर्सिटी, विषय हाच.

आत खुर्च्या सरकल्या. कुणीतरी दाराकडे येतंय. उठते.