जागा न सोडणारी मासोळी

१२ एप्रिल २०२४
धम्मदीपचा नाशिकहून फोन. तेच ते! "माय, अकोल्याच्या उन्हात जीव जाईन तुहा. इकडे ये." म्हटलं, तू पळाला न, तेवढं पुरे. मागच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन पडली, सलाईन लागली, तर लेक मले मेल्यातच धरून राहिला!

१९ एप्रिल
धम्मदीपची पोरगी प्रियदर्शनी लक्षद्वीपले हाये. समुद्रात बुडी मारून मासोळ्या मोजते. याच्यासाठी शिकली एवढी! म्हणते, "आजी, पाणी तापलं. नेहमीपेक्षा एक-दोन डिग्री. मासोळ्या पोवळ्याचे खडक सोडून खाली थंड पाण्यात चालल्या."
एक-दोन डिग्री! इथं टिनाखाली चुलीपुढं बसते मी. मी कोणत्या थंड पाण्यात जाऊ? नाजूक साल्या! तिच्या बापासारख्याच.

२ मे
पोट्टीनं फोनवर फोटो दाखवला. नखाएवढी मासोळी, पिवळीजर्द. पोवळ्याच्या एकाच झुडपात जन्म काढते. "ही नाही जात, आजी."
वा! ही खरी! शेजारच्या वच्छलेले बोलावून दाखवली — पाह्य, ही आपल्या वऱ्हाडातली! धम्मदीपलेही ऐकवलं. फोनच ठेवला त्यानं. ठेवणारच!

९ मे
लाईन नाही. कुलर बंद. वच्छलाही गेली लेकीकडे चिखलदऱ्याले. गल्लीतलं कुत्रं नालीत जाऊन बसलं.
मी नाही जात. हे घर आमी दोघा नवरा-बायकोनं डोक्यावर विटा वाहून बांधलं. उन्हाले देऊन जाऊ?

१६ मे
आज मीच फोन लावला. "माही पिवळी कशी हाये?" पोट्टीनं आधी माह्या जेवणाचंच पुसलं. मंग म्हणे, झुडूप पांढरं पडलं, मेलं. "मोठ्या निघून गेल्या, आजी. ही एवढीशी. उघड्यावर आली की दुसरी मासोळी खाते. तिथंच बसून राहिली."
"मंग?"
"काल पाहिलं तर नव्हती."
पाणी तापवलं कोणं, म्हटलं. "आपण सगळ्यांनी, आजी. गाड्या, कारखाने, एसी..."
आपण? माह्या घरी एक कुलर, तोही लाईनीवाचून बंद! मले काहून धरते त्यात? लय शिव्या घातल्या. पोट्टी रडत होती वाटते.
भाकर टाकली नाही.

१७ मे
धम्मदीपले फोन केला. ये म्हटलं घ्याले. अन् येताना एक कुलूप आणजो — या घराले कधी लागलंच नाही.