सारुनची आंघोळ

बट्टामबांग

आई, तुझ्या पायांना केसोरचा नमस्कार.

माझा खोकला गेला. विहारात भात पोटभर मिळतो. तुझे गुडघे कसे आहेत?

नव्या वर्षाला आम्ही इथल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालून त्यांची क्षमा मागतो. माझ्या वाट्याला सारुन आला. काळे कपडे घालणाऱ्यांच्या राजवटीत, गावोगाव माणसं मारली तेव्हा, बाबांच्या मानेत कुदळ घालणारा तोच. त्याने मला ओळखलं नाही.

"पोरी, नीट चोळ की! हातात जीव नाही का?"

मी पितळी तांब्या त्याच्या डोक्यात घातला. पाणी लाल झालं तरी तांब्याने मारत राहिले. बायकांनी मला ओढून काढलं.

"कुणाची गं तू?" त्याने विचारलं. मी ओरडून बाबांचं नाव सांगितलं.

"मग थांबलीस कशाला?" तो म्हणाला.

मला हाकलतील असं वाटलं होतं. पण मोठे भिक्खू म्हणाले, "सगळे सुखी होवोत, असं रोज भिंतीकडे बघून म्हणतेस. आता त्याची जखम धुताना म्हण."

रोज धुते, रोज म्हणते. त्याला माफ केलं असं समजू नकोस.

आज पट्टी सोडताना तो बसल्या बसल्या झोपला. माझ्या हातांची भीती त्याला राहिलेली नाही. मला आहे. म्हणून ताईच्या बाळाला या हातांत घ्यायला एवढ्यात घरी येत नाही.

तुझीच,
केसोर