छकुलीचं एक अक्षर

३ मार्च
छकुलीला सकाळी फिट आली. नेहमीसारखीच. कुशीवर वळवलं, लाळ पुसली, डबा भरला, कामावर गेले. काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी नणंद आली. तिला तिसरा महिना लागलाय. पर्सची चेन मागेपुढे करत बसली, मग एकदाचं म्हणाली, "वहिनी, रागावू नकोस. आमच्या बाळालाही छकुलीसारखं...? हे म्हणतात, ठेवायचं की नाही ते आत्ताच ठरवू."

"बघते," म्हटलं. रागसुद्धा आला नाही!

४ मार्च
छकुलीचा जुना रिपोर्ट — 'दोष आढळला नाही'. आढळणार कसा? प्रथिनं बनवणारी जीन्सच तेवढी तपासली होती. बाकीचा डीएनए म्हणे अडगळ! आणि मी दिवसभर त्याच अडगळीत असते. प्रथिनं न बनवणारे, पण पेशीचा कारभार सांभाळणारे आरएनए शोधत. लोकांच्या मुलांसाठी.

गेल्या वर्षी आमच्या लॅबच्या मॅडमनी छकुलीचा पूर्ण जीनोम वाचून घेतला होता. फाइल उघडायचं मन होत नव्हतं. आज मागितली.

"अगं, मी कधीची वाट बघतेय," मॅडम म्हणाल्या.

७ मार्च
सापडलं.

आरएनएच्या डेटाबेसमध्ये पाहिलं. तिच्यातला एक बदल नेमका एका चिमुकल्या आरएनएवर पडतो. डीएनएच्या एका अक्षराचा फरक! निरोगी लोकांचा डेटाबेस उघडला — लाखो माणसं, एकातही नाही. मग आजारी लोकांचा. तिथे तोच बदल असलेले पाच जण.

चहा केला. निवला. तसाच प्यायले.

त्यांच्या डॉक्टरांना मेल टाकला.

१९ मार्च
आम्हा दोघांच्या रक्तात तो बदल नाही. छकुलीतच नव्याने झालेला. आणि सासूबाई इतकी वर्षं माझ्या माहेराकडे बोट दाखवत होत्या! नवऱ्याने रिपोर्ट दोनदा वाचला, आणि भांडी घासायला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

नणंदेला फोन केला. "छकुलीमुळे तुझ्या बाळाला वेगळा धोका नाही. इतर कुणालाही असतो तेवढाच." हमसून हमसून रडली बिचारी. मग म्हणाली, "वहिनी, तुला कसं वाटतंय गं?"

"कुकर लावायचाय," म्हटलं.

२० मार्च
काही नाही वाटत.

२४ मार्च
डॉक्टरांचं उत्तर आलं. त्या पाचांतली थोरली एकतीस वर्षांची आहे. पोहते म्हणे! आम्ही तर छकुलीच्या पुढच्या वर्षाबद्दलही कधी बोललो नाही.

एकतीस! — मग आम्हालाही खूप जगायला हवं.